ठमाताईंची वाघबारस

ठमाताई भवारी माणसाचं नाव लक्षात ठेवायच्या नाहीत, गाव ठेवायच्या. चाकणच्या कंपनीत नोकरीच्या पहिल्या दिवशी मी वेल्डिंग शॉपमध्ये शिरले आणि भीत भीत माझं नाव सांगितलं, तर त्या हात झटकून म्हणाल्या, "ते ऱ्हाऊ दे. गाव कंचं?"

"जालना."

"हां. आता वळखलं."

तेव्हापासून मी 'ए जालना'. एचआरमधला श्रेयस राहायला सांगवीला, म्हणून तो 'सांगवी'. बिहारकडच्या एका पोराच्या गावाचं नाव त्यांच्या जिभेवर बसेना, तर चहाच्या सुट्टीत त्याला समोर बसवून त्यांनी ते घोकलं. तो पोरगा हसून हसून लोळायचा बाकी होता. पण पुढे गावी फोन लावला की आईला पहिल्यांदा ठमाताईंनाच जोडून द्यायचा.

"नाव आईबाप ठेवत्यात," त्या म्हणायच्या. "त्यांच्या मनाला यील ते. गाव कुनी ठेवत न्हाई. ते आसतंच."

स्वतःची ओळख त्या एका दमात करून द्यायच्या: "मी ठमा भवारी, भीमाशंकराच्या अलीकडचा डोंगर, महादेव कोळी, मासंवालं कोळी न्हवं." ते शेवटचं शेपूट अनुभवातून आलं होतं. कोळी म्हटलं की शहरातला माणूस त्यांना पापलेटचा भाव विचारायचा.

आमच्याकडे गाड्यांचे सुटे भाग बनायचे आणि नव्या पोरापोरींना वेल्डिंग शिकवायचं काम ठमाताईंकडे होतं. बुटक्या, रुंद खांद्यांच्या, कपाळावर रुपयाएवढं कुंकू आणि त्याच्यावर ढकललेला काळा गॉगल. आयटीआयमध्ये होत्या तेव्हा वर्गात त्या एकट्याच मुलगी होत्या, असं इतरांकडून कळलं. त्या स्वतः त्यातलं एवढंच सांगायच्या, की मास्तर रोज 'जेंटलमेन' म्हणून सुरुवात करायचे आणि त्या रोज मोठ्यानं 'हजर' म्हणायच्या.

शिकवताना त्यांचा आवाज कटिंग मशीनच्या वर जायचा. "दोन लोखंडं जोडायची तर दोन्ही वितळली पायजेत. येकच वितळलं तर ते चिकटवनं झालं. चिकटवलेलं पहिल्या खड्ड्यात सुटतं." जोड बघण्याआधी त्या बोटाच्या पेरानं त्यावर टकटक करायच्या आणि कान लावायच्या. ही खोड इतकी अंगात मुरली होती की कँटीनमध्ये भाताच्या पातेल्यालाही टकटक करायच्या.

एकदा सकाळच्या शिफ्टला वॉचमनला कंपनीमागच्या उसात बिबट्या दिसला. मग काय, गेट बंद, सायरन, मोबाइलवर जुनेच फोटो नव्यानं फिरायला लागले. सेफ्टी ऑफिसरनं 'सावधान' असा बोर्ड रंगवायला घेतला. ठमाताईंनी डबा उघडला, पानावर थोडा भात काढला आणि मागच्या भिंतीवर नेऊन ठेवला. हात जोडून म्हणाल्या, "पाव्हनं, वाटंला लागा."

सेफ्टी ऑफिसर ओरडत आला. "अहो मॅडम, हे काय चाललंय?"

"साहेब, तुमी तुमचा बोर्ड लावा, मी माझा भात ठिवते. त्याला जे वाचता यील ते त्यो वाचील."

त्या साहेबांनाही हसू आवरेना. त्या दिवशी आम्हाला पहिल्यांदा कळलं, की ठमाताईंच्या डोंगरात वाघ हा देव आहे. गावाच्या शिवेवर त्याचा शेंदूर लावलेला दगड असतो, आणि दिवाळीच्या तोंडावर वाघबारशीला गुराखी तिथं खीर शिजवतात. कुणी वाघ होतो, बाकीचे त्याला शिवेपार पळवून लावतात. "लय मजा," त्या म्हणाल्या आणि मग जरा थांबून, "हुती."

पुढच्याच वर्षीची गोष्ट. खंडेनवमीला मशिनींची पूजा झाली की दसऱ्यानंतर कंपनीत फॅमिली डे असायचा. बायकापोरं यायची, लॉनवर स्टेज, नाचगाणी, जेवण. श्रेयसनं त्या वर्षी 'ट्रायबल थीम' काढली. पोरगा वाईट नव्हता. उत्साही होता, आणि इंटरनेटवर त्याचा फार विश्वास होता. भाड्याच्या दुकानातून त्यानं हिरव्या प्लास्टिकच्या पानांचे घागरे आणले, पिसांचे टोप, भाले आणि गळ्यात घालायला हाडांच्या माळा. शिफ्ट सुटल्यावर कँटीनची टेबलं बाजूला सारून तालीम सुरू झाली. मी खुर्चीवर चढून स्पीकरची वायर लावत होते. खाली दहा-बारा जण तोंडाला काजळ फासून 'हुर्र हुर्र' करत गोल फिरत होते.

ठमाताई पाण्याची बाटली भरायला आल्या. आधी त्यांना वाटलं भुतांचा नाच आहे, खुदकन हसल्या. मग बाटली भरून वाहायला लागली तरी नळ बंद करायचं त्यांना सुचलं नाही.

"सांगवी," त्यांनी हाक मारली. "हे कोन लोक?"

"आदिवासी, ताई. यंदा थीम आहे ना."

"कुठले?"

"कुठले म्हणजे... जंगलातले."

"जंगलातले कुठले? त्यांना गाव आसंल की."

श्रेयस गोंधळला. "ताई, असे... जनरल."

"जनरल!" ठमाताईंनी नळ बंद केला. "आरं, मी आदिवासी. रोज तुझ्याम्होरं हजेरी लावते. माझ्या आईनं नववारी नेसली, आजीनं नववारी नेसली. पानाचं आमी इरलं केलं, द्रोन केलं, पत्रावळी केली. नेसलं कुनी न्हाई. आन हे हाडूक कुनाचं म्हनायचं?"

"प्लास्टिकचं आहे, ताई."

सगळे हसले. त्याही हसल्या, पण ते हसू लगेच विरलं. बाकावर बसत त्या म्हणाल्या, "माझी पोरगी साळंत हुती, भोसरीला. ग्यादरिंगला तिला आसंच काळं करून हुबं केलं. घरी येऊन मला इचारती, आये, आपन आसं कवा हुतो गं? मला उत्तर दिता आलं न्हाई. मला माझं धड ठावं आसतं तर दिलं आसतं की."

एकानं हळूच डोक्यावरचा पिसांचा टोप काढला.

"सॉरी, ताई. रद्द करतो," श्रेयस म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते.

"रद्द कशापायी? नाचा की! सनासुदीला पोरांनी नाचायचं न्हाई तर काय करायचं? पर आमचं नाचायचं तर आमच्याकडनं शिका, आन आमचं नाव घिऊन नाचा." मग त्यांचा चेहरा एकदम उजळला. "मी दावते. वाघबारस दावते, गान्यासकट!"

श्रेयसनं दुसऱ्याच दिवशी कार्यक्रमपत्रिकेत छापून टाकलं: 'वाघबारस, सादरकर्त्या ठमाताई भवारी आणि मंडळी.'

मंडळी कुठली, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. ठमाताईंनी कंपनी पिंजून काढली. पेंटशॉपमधला गोविंद मेंगाळ ठाकर आदिवासी निघाला. तो ढोल वाजवायचा, पण आपण ठाकर आहोत हे त्यानं इथं कुणाला सांगितलेलं नव्हतं. त्याचं आणि ठमाताईंचं पहिल्याच चहाला वाजलं.

"आमच्यात वाघासंगं आस्वल आसतं," गोविंद म्हणाला.

"आस्वल? वाघबारस हाय ती. आस्वलबारस हाय व्हय?"

"पर आमी पयल्यापासून करतो, ताई. तुमी कोळ्यांनी आमचं बघून घेतलंय."

"आमी घेतलं? आरं, वाघ आमचा!"

भांडण इतकं रंगलं की चहा निवला. मधेच लादी पुसणारी सोनी वाघमारे फडक्यावर हनुवटी टेकून हसायला लागली. सोनी हाउसकीपिंगला होती. कामाला चोख आणि बोलायला कंजूस. ठमाताई वळल्या. "तुला काय झालं गं हसायला?"

"वाघाला इचारलं का कुनी," सोनी म्हणाली, "तू कुनाचा म्हनून?"

गोविंदनं कपाळावर हात मारला आणि ठमाताई इतक्या मोठ्यानं हसल्या की काउंटरवाला आतून बाहेर आला. "आडनाव वाघमारे, आन अजून लांब हुबी? ये इकडं. तुला घेतली."

सोनी हलली नाही. तिचं हसू मावळलं होतं. "ताई, आमी कातकरी. तुमच्या डोंगरात आमची घरं गावाभायेर. देवाम्होरं कशी घेनार तुमी मला?"

ठमाताई सोनीकडे बघत राहिल्या, मग गोविंदकडे, मग स्वतःच्या बुटांकडे. "खरं हाय तुझं," त्या म्हणाल्या. "गुरवारी सुट्टी हाय. चल माझ्यासंगं. चुलतीला तोंडावर इचारू. गानंबी तिलाच येतंय, मला निम्मंच ठावं हाय. जालना, तू बी चल. फोन चार्ज करून आन."

गुरुवारी आम्ही तिघी एसटीनं गेलो. पुढे डोंगराच्या कुशीत गाव, भात पोटरीला आलेला, आणि दारात बसून सुपातले तांदूळ निवडणाऱ्या धोंडाआई. ठमाताईंची चुलती. कानानं पक्की, जिभेनं त्याहून पक्की.

ठमाताईंनी सगळी हकीकत सांगितली. पानांचे घागरे ऐकून म्हातारी पोट धरून हसली. पण स्टेजवर गाण्याचं निघालं, तसं तिनं सूप खाली ठेवलं.

"वाघोबाचं गानं मांडवात? हॉटेलात जेवतात तिथं?"

"हॉटेल न्हाई गं, कंपनीचं लॉन."

"त्येच ते. वाघोबा हाय का तिथं? त्यो शिवंवर हाय. त्याचं त्याला ऐकवायचं. लोकांनी टाळ्या वाजवाव्या म्हनून ते गानं न्हाई." मग माझ्याकडे बघून, "ते मोबाइल ठिव पिशवीत."

मी ठेवला.

"मग आमाला शिकवनार तरी कवा?" ठमाताई कळवळून म्हणाल्या. "तू गेल्यावर?"

"मी कुठं न्हाई म्हनती? शिवंवर या. गुरं गेली, पोरं समदी खाली चाकनला गेली. वाघ कोन हुनार आन हाकलनार कोन? किती वरसं दगडाला निस्ता शेंदूर लावून येती मी. येकटी." म्हातारीनं पदरानं डोळे टिपले आणि लगेच नेहमीच्या सुरात विचारलं, "ही कोन?"

सोनी अंगणाच्या कडेला उन्हात उभी होती.

"सोनी वाघमारे. कातकरी हाय," ठमाताई म्हणाल्या. त्यांचा आवाज जरा चिरका झाला. "वाघबारशीला ती आपल्यासंगं बसंल. निवद तिच्याबी हातचा आसंल."

"आमच्यात तसं न्हवतं."

"न्हवतं. म्हनून इचारायला आले."

धोंडाआईंनी सुपातला एक खडा उचलला, बघितला आणि दूर फेकला. मग त्या सोनीला म्हणाल्या, "वाघ माझ्या सासऱ्याची गाय घिऊन गेला, तवा तुझ्यातल्यांचं बकरूबी घिऊन गेला. त्यानं कुठं येगळं धरलं? उनात का हुबी? आत ये. चुलीवर च्या हाय, तूच गाळ."

सोनी उंबऱ्याशी थबकली. ठमाताईंनी तिला पाठीवर हात ठेवून ढकललीच. चहा सोनीनं गाळला, आणि धोंडाआईंनी पहिला कप उचलला.

परतीच्या एसटीत ठमाताई खिडकीला डोकं लावून विचार करत होत्या. पत्रिकेत छापलेलं, साहेबांना सांगितलेलं, त्याचं काय करायचं? राजगुरुनगर आलं तशा ताठ बसल्या. "म्हातारीचं बराबर हाय. समदंच दाखवायचं नसतं. गौरीतला फेराचा नाच दावू. त्यो लोकांसाठीच हाय. वाघ बघायचा तर वाघाच्या घरी जायचं."

फॅमिली डेला काळं फासलेलं कुणी नव्हतं. नववारी नेसलेल्या बायका एकमेकींच्या कमरेत हात गुंफून फेर धरत होत्या. त्यात कँटीनवाल्या होत्या, अकाउंट्सच्या दोन मुली होत्या, सोनी होती, आणि पावलं चुकवत मीही होते. गोविंद ढोल बडवत होता. माइकवर श्रेयसनं त्याची ओळख "गोविंद मेंगाळ, ठाकर" अशी करून दिली, तेव्हा त्याची बायकोपोरं पहिल्या रांगेत उभी राहून शिट्ट्या वाजवत होती. ठमाताई मधोमध. त्यांना इतकं नाचता येतं हे आम्हाला माहीत नव्हतं, आणि बहुधा त्यांनाही नव्हतं.

नाच संपला. खालून प्लँटच्या मोठ्या साहेबांनी पत्रिका हलवून विचारलं, "और वो टायगर वाला आयटम?"

श्रेयस घाबरला. ठमाताईंनी त्याच्या हातातून माइक घेतला. "साहेब, त्यो आयटम न्हाई, देव हाय. हितं येनार न्हाई. तुमाला बघायचा आसंल तर वाघबारशीला आमच्या शिवंवर या. मानूस म्हनून या, साहेब म्हनून नको. येताना मूठभर तांदूळ घरून आना."

मग साहेबांनी शेजारच्याला अर्थ विचारला आणि मान डोलावून अंगठा दाखवला. ते काही आले नाहीत, पण एक पोतं तांदूळ पाठवलं. ठमाताईंनी त्यातले मूठभर घेतले आणि पोतं गावच्या आश्रमशाळेला दिलं. "मूठ म्हंजे मूठ," त्या म्हणाल्या.

पण बाकीचे आले. वाघबारशीच्या दिवशी सुट्टी टाकून, मोटरसायकलींवर, एका भाड्याच्या टेम्पोत, पोराबाळांसकट. गावातली चाकण-भोसरीला गेलेली पोरंही ठमाताईंनी फोन करकरून परत आणली. गोविंद त्याच्या वाडीवरची ठाकर मंडळी घेऊन आला, सोनी तिच्या सासूला. शिवेवर गवतात तो दगड, ताज्या शेंदरानं लालभडक. तीन दगडांची चूल पेटली, गुळाची खीर रटरटायला लागली, आणि मग प्रश्न आला: वाघ कोण?

गावातली पोरं मागं सरकली. वाघाला शेणाचे गोळे बसतात, हे त्यांनी आजोबांकडून ऐकलं होतं.

ठमाताईंनी गर्दीवरून नजर फिरवली आणि ती पांढऱ्याशुभ्र कुडत्यावर येऊन थांबली. "सांगवी!"

"ताई, नको ना. मला काही येत नाही."

"वाघाला काय यावं लागतं? पळायचं!"

अंगावर हळदीचे पट्टे, शेपटी म्हणून पेंढ्याची वेणी. श्रेयसनं एक डरकाळी फोडली, ती जरा मांजरासारखी झाली, आणि पोरं त्याच्यावर तुटून पडली. काठ्या आपटत, हाळ्या देत, शेण भिरकावत. गोविंदनं घोंगडी पांघरून अस्वल केलंच होतं. ठमाताईंनी त्याच्याकडे बघून न बघितल्यासारखं केलं आणि मग दोन शेणाचे गोळे नेम धरून त्यालाच हाणले. श्रेयस ढेकळांतून पळतोय, चप्पल मागं राहिलीय, मागून सगळं शिवार विचारतंय, "येशील का पुन्हा आमच्या शिवारात?"

"नाही येणार! नाही येणार!"

"'नाही' न्हाई चालत! 'न्हाई' म्हन!" ठमाताई मागून ओरडल्या.

"न्हाई! न्हाई येनार!"

तो शीव ओलांडून पलीकडे पडला तेव्हा हसून हसून कुणाला उभं राहवत नव्हतं. धोंडाआई तर दगडाशेजारीच बसल्या होत्या, तोंडाला पदर लावून, खांदे गदगदत.

मग त्या गायल्या. सगळे गवतात बसले. आवाज बारीक, थरथरता, पण शब्द खणखणीत. पहिल्या ओळीला एकट्या, दुसरीला ठमाताई, मग गावातल्या बायका, मग मागून ठाकरवाडीतल्या बायकांनी त्यांच्या चालीवर त्यांचं जोडलं. मोबाइल पिशव्यांत होते. ते शब्द मला पाठ झालेत, पण ते इथं लिहिणार नाही.

खीर पानावर वाढून दगडापुढे ठेवली ती सोनीनं. ती मागे सरली तेव्हा तिच्या सासूनं जमिनीला हात लावून कपाळाला लावला. ठमाताई चुलीतला विस्तव सारखा करत होत्या, आणि धूर फारसा नसताना डोळे पुसत होत्या. त्यांची मुलगी, आता मोठी झालेली, नोकरी करणारी, शेजारी येऊन बसली. ठमाताईंनी तिच्याकडे न बघता तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. "आपन आसं हुतो," त्या म्हणाल्या. "आन हाय."

जेवायची वेळ झाली तेव्हा श्रेयस शिवेपलीकडे शेण झाडत उभा होता, आता यायचं की नाही या विचारात. धोंडाआई काठी टेकत त्याच्यापर्यंत गेल्या, मनगट धरून त्याला अलीकडे आणला आणि पहिलं पान त्याच्यापुढे ठेवलं. "हाकलायचं हाकललं. आता बस. वाघाला आदी."

तेव्हापासून वाघबारस चुकलेली नाही. धोंडाआई दोन दिवाळ्यांनी गेल्या, पण तोवर गाणं वीसेक गळ्यांत उतरलं होतं. तळेगावकडचे, भोसरीतले, कुठले कुठले लोक विचारत यायला लागले. ताथवड्याच्या एका कॉलेजनं ठमाताईंना नाच शिकवायला बोलावलं, तर यांनी अट घातली, की नुसता नाच नाही. आधी पोरांनी डोंगरावर येऊन एक दिवस भात लावायचा. पोरं गेली, चिखलात पडली आणि पुढच्या वर्षी न बोलावता परत गेली.

मग ठमाताई निवृत्त झाल्या. निरोपसमारंभात साहेबांनी शाल दिली, तर ती त्यांनी तिथल्या तिथं सोनीच्या खांद्यावर टाकली आणि बाजूला पडलेल्या ग्राइंडरवर टकटक करून निघून गेल्या. मी नोकरी बदलली. भेटी कमी झाल्या.

त्यांना शेवटचं पाहिलं ते गेल्या भाद्रपदात, कासारवाडी स्टेशनवर. मी लोणावळ्याकडच्या गाडीत बसले होते, दुपार होती, डबा रिकामा. पलीकडच्या फलाटावर नववारीतल्या बायकांचा घोळका दिसला आणि मधोमध ठमाताई. कुठंतरी कार्यक्रमाला निघाल्या असाव्यात. पुण्याकडची गाडी उशिरा होती आणि यांना तालीम सुचली होती. कमरेत हात गुंफून फलाटभर फेर चालला होता, सोनी सगळ्यात पुढं. मी खिडकीतून ओरडले, पण ढोल नसला तरी त्यांच्या पायांचाच एवढा आवाज होता की ऐकू जाईना.

काळ्या कोटातला एक टीसी त्यांना हटवायला म्हणून पुढे झाला. काय बोलणं झालं ते कळलं नाही. माझी गाडी हलली. स्टेशन मागे जाताना मी मान वळवून पाहिलं, तर टीसीची बॅग ठमाताईंच्या खांद्यावर लटकत होती, आणि तो स्वतः दोन बायकांच्या मधे, कमरेला हात देऊन, खाली बघत, पाऊल मोजत फेरात शिरला होता.